आधी पेटीत

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी भाऊंनी कृषी केंद्राचं शटर खाली ओढलं, किल्ली खिशात टाकली आणि ते वाचनालयात येऊन बसले. त्यानंतर त्या दुकानातून बियाणं विकलं गेलं नाही.

मी तेव्हा संग्रामपुरात ग्रंथपाल होते, अजूनही आहे. वाचनालय आणि भाऊंचं दुकान यांच्यामध्ये एकच भिंत, तीही विटांची आणि अर्धवट गिलाव्याची. त्यामुळे दुकानात काय चाललंय ते मला इकडे बसून कळायचं. कोणत्या वाणाला मागणी आहे, कोणता फवारा कशावर चालतो, हे मला पुस्तकांच्या कपाटांपेक्षा त्या भिंतीनं जास्त शिकवलं. त्या साली जूनमध्ये त्या भिंतीतून एकच वाक्य सारखं ऐकू येत होतं. भाऊंनी कपाशीचं एक नवं बीटी वाण आणलं होतं आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला ते सांगत होते, "डोये मिटून पेरा."

ते बियाणं बऱ्याच वावरांत उगवलंच नाही. कंपनीनं पावसाला दोष दिला. पंचनामा करायला आलेल्यांनी पेरणीच्या खोलीला दिला. अजीजभाईंनी कोणालाच दोष दिला नाही. अजीजभाई म्हणजे आमचे सकाळचे पहिले वाचक. वांगी आणि कपाशी लावायचे, वांगी बाजारात पोचवून येताना वाचनालयात थांबायचे, आधी उर्दू पेपर वाचायचे, मग मराठी, आणि दोन्हींतल्या बातम्या जुळत नसल्या की मला हाक मारून विचारायचे की खरं काय समजायचं. पोळ्याच्या दिवशी बैलं सजवून उभी होती, गाव जमलेलं होतं, तेव्हा त्यांनी सगळ्यांसमोर भाऊंना एवढंच विचारलं, "शेठ, तुमच्या वावरात काऊन नाई पेरलं बा हे?"

भाऊंच्या स्वतःच्या जमिनीत त्या साली जुनंच वाण उभं होतं. चांगलं उभं होतं. भाऊंनी उत्तर दिलं नाही. शटर ओढलं ते त्यानंतर.

वाचनालयात ते महिनाभर नुसते बसून होते. हाताला येईल ते वाचायचे. आयुर्वेद, नकाशे, विणकामाची पुस्तकं. एके दिवशी त्यांच्या हाती संगणकाचं एक मासिक लागलं. त्याच्या मुखपृष्ठावर सीडीची एक चकती चिकटवलेली होती आणि आत नवशिक्यांसाठी एक लेख होता. लेखात म्हटलं होतं की आपल्या संगणकाच्या आतच एक दुसरा, खोटा संगणक तयार करता येतो. त्या खोट्या संगणकात लिनक्स नावाची फुकट मिळणारी सिस्टिम बसवून पाहावी. ती सगळ्यांसाठी खुली आहे, कोणीही उघडून बघावी, बदलावी. आतलं काही बिघडलं तर बाहेरच्या खऱ्या मशीनला धक्का लागत नाही. शिवाय आतल्या संगणकाचा हवा त्या क्षणी 'स्नॅपशॉट' काढून ठेवता येतो आणि पुढे काही चुकलं तर पुन्हा त्या क्षणावर परत येता येतं.

हा लेख भाऊंनी उभ्यानं वाचला. मग बसून वाचला. मग माझ्या टेबलापाशी आले.

"ताई, म्हंजे आतलं मेलं तरी बाहेरचं जित्तं राह्यते?"

मी म्हटलं, लिहिलंय तरी तसं.

"आन् चुकलं तं मांगं येता येते?"

तेही लिहिलंय, मी म्हटलं. भाऊंनी मासिक मिटून माझ्या टेबलावर ठेवलं. मग म्हणाले, "हे लोकायले आधी काऊन नाई सांगतलं कोनं?" त्यांच्या आवाजात तक्रार होती, जणू सरकारनं ही गोष्ट मुद्दाम दाबून ठेवली होती.

दुकानात बिलं करायला घेतलेला एक संगणक होता. दिवाळीनंतर शटर पुन्हा वर गेलं. आत आणखी काही जुने संगणक आले, बाकं आली, आणि क्लास सुरू झाला. पाटी मात्र बदलली नाही. 'खते, बियाणे, कीटकनाशके' याच पाटीखालून मुलं आत जायची, घरी गेली की त्यांच्या कपड्यांना औषधाचा वास यायचा, आणि आया समजायच्या की पोरगं शाळा बुडवून फवारणीला गेलं होतं. एकदा एक बाई उंदराचं औषध घ्यायला आली. तास मध्ये सोडून उठणं भाऊंना आवडायचं नाही, म्हणून तिला बसवून ठेवलं. तास संपेपर्यंत तिनं एक फोल्डर तयार केला होता आणि त्याला उंदीर हेच नाव दिलं होतं.

त्या खोट्या संगणकाला भाऊ 'पेटी' म्हणायचे. पेटी म्हणजे काय हे समजावताना ते एक छोटं पाकीट वर धरायचे. बीटीच्या मोठ्या पाकिटासोबत साध्या कपाशीच्या बियांचं एक लहान पाकीट मिळायचं. ते वावराच्या काठानं पेरायचं, म्हणजे अळी तिथं खाईल आणि मधलं पीक वाचेल, असा त्यामागचा हिशेब. पेरायचं मात्र कोणीच नाही. लोक ते पाकीट भाऊंच्या दुकानासमोरच फेकून जायचे आणि भाऊंनी ती गोळा करून ठेवली होती.

"हे काठावरचं बी," भाऊ म्हणायचे. "तुमच्या बापानं फेकलं, म्या उचललं. पेटी म्हंजे हे. इथं अळीले खाऊ द्या. काय मोडाचं ते इथं मोडा."

आणि मुलं मोडायची. भाऊंच्या क्लासात काही चांगलं चालवून दाखवल्याचं कौतुक नव्हतं. सिस्टिम सुरू झाली, एवढं सांगितलं की ते मान हलवायचे. पण एखाद्या पोरीनं पेटीतली सिस्टिम पार झोपवली, की ते तिच्या मागे उभे राहून विचारायचे, कशी झोपवली ते सांग. ती सांगायची, भाऊ सगळ्यांना तेच करायला लावायचे, मग सगळ्यांनी स्नॅपशॉटवर परत यायचं. जिल्ह्यात इतरत्र मुलांना संगणकाला हात लावायची भीती असायची. आमच्याकडे उलटं. भाऊंची एक विद्यार्थिनी बँकेत कामाला लागली आणि पहिल्याच दिवशी तिनं साहेबांना विचारलं की याच्यातलं काय काय मोडून पाहू. साहेब तिला बरेच दिवस फक्त शिक्के मारायला देत होते.

"आधी पेटीत," हे भाऊंचं वाक्य. ते संगणकापुरतं राहिलं नाही.

नव्या चपला घेतल्या तर ते एका पायात नवी आणि एका पायात जुनी घालून काही दिवस फिरायचे. उजवा पाय बरा राहिला तरच डाव्याला नवी मिळायची. लग्नाचं आमंत्रण आलं की आदल्या दिवशी मोटरसायकलवर त्या गावाला जाऊन यायचे. मांडव घातला जात असायचा, लोक म्हणायचे भाऊ लग्न उद्या आहे, भाऊ म्हणायचे माहीत आहे, आणि परत यायचे. केस कापण्याआधी फोटो काढून घ्यायचे. न्हाव्यानं विचारलं, कशाला? तर म्हणे, आवडलं नाही तर कुठं परत यायचं ते तुला दाखवता येईल. न्हावी म्हणाला की परत यायला महिना लागेल. भाऊंना ही त्याच्या धंद्यातली मोठी उणीव वाटली आणि तसं त्यांनी त्याला सांगितलंही.

मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं तेव्हा आठवडाभर आधीपासून त्यांनी घरात एका डोळ्याला रुमाल बांधला. पाणी आणताना माठावर आदळले, कपाळाला टेंगूळ आलं, आणि डॉक्टरांनी ऑपरेशन पुढे ढकललं. काकू, म्हणजे त्यांच्या पत्नी, हे मला सांगायला मुद्दाम वाचनालयात आल्या होत्या. शेवटी म्हणाल्या, "माह्याशी लगन झालं तवा यांची पेटी नव्हती, म्हून झालं ते."

एक गोष्ट मात्र मला फार उशिरा लक्षात आली. इतक्या पोरांना लिनक्स शिकवणाऱ्या भाऊंनी स्वतः ते एकदाही पेटीबाहेर, खऱ्या मशीनवर बसवलेलं नव्हतं. त्यांच्या क्लासातल्या प्रत्येक संगणकावर बाहेर नेहमीचीच सिस्टिम होती आणि लिनक्स आत. त्यांच्या स्वतःच्या संगणकावर तर पेटी होती, पेटीच्या आत पेटी होती, आणि त्या आतल्या पेटीत काम करायला बसले की एक अक्षर उमटायला इतका वेळ लागायचा की मध्ये चहा होऊन जायचा. आमच्याकडच्या खाऱ्या पाण्याचा चहा. त्यांना तोही अर्धा कप आधी लागायचा आणि उरलेला पसंत पडला तर.

मी एकदा विचारलं, बाहेर का नाही बसवत? म्हणाले, "बसवू ना. घाई काय हाये."

घाई माझ्यामुळे झाली. वाचनालयाची नोंदवही वाळवीनं खाल्ली होती आणि कोणतं पुस्तक कुठं आहे हे फक्त माझ्या डोक्यात उरलं होतं. म्हणून मी वाचनालयाच्या एकुलत्या संगणकात सगळ्या पुस्तकांची यादी नव्यानं भरली. कपाट उघडायचं, पुस्तक काढायचं, धूळ झटकायची, नाव टाइप करायचं. एक उन्हाळा, एक पावसाळा आणि एक हिवाळा त्यात गेला. यादी पूर्ण झाली आणि संगणक आजारी पडला. कोणाच्या तरी पेनड्राइव्हमधून व्हायरस आला, मग त्याच्यामागून त्याचे नातेवाईक आले. मशीन सुरू व्हायला सकाळ जायची. दुरुस्तीवाला म्हणाला, सगळं पुसून नवं टाका, पण यादीची जबाबदारी माझ्यावर नाही.

मी भाऊंकडे गेले. म्हटलं, तुमची सिस्टिम बसवा. पेटीत नको. खरी बसवा.

भाऊंचा चेहरा पाहून मला वाटलं, मी त्यांच्याकडे किडनी मागितली.

नाही म्हणणं त्यांना शक्य नव्हतं. एवढी वर्षं ज्याचं गुणगान केलं ते शेजारच्या भिंतीपलीकडे बसवायला नाही म्हणायचं, म्हणजे पुन्हा पोळ्याचाच दिवस. हे मला कळत होतं, त्यांना तर माझ्याआधी कळलं असणार. त्यांनी यादीच्या प्रती काढल्या. चकत्यांवर, पेनड्राइव्हवर, क्लासातल्या प्रत्येक संगणकावर. मग आपल्या पेटीत लिनक्स बसवायचं, ते बसलं की स्नॅपशॉटवर परत यायचं, तिथं माझी यादी उघडायची, नीट दिसली की पुन्हा सगळं करायचं, हा उद्योग त्यांनी इतके दिवस केला की मला भिंतीतून त्यांचं पुटपुटणं पाठ झालं.

शेवटी एक दुपार ठरली. भारनियमन नसलेला दिवस, वर इन्व्हर्टर, वर आणखी एक उसना इन्व्हर्टर. भाऊ धुतलेला शर्ट घालून आले आणि माझ्या खुर्चीत बसले. सगळं सुरळीत चाललं होतं, आणि पडद्यावर ती सूचना आली. या डिस्कवरील सर्व मजकूर पुसला जाईल. खाली एक बटण.

पेटीत हे बटण भाऊंनी शेंगदाणे खाता खाता दाबलेलं मी पाहिलं होतं. आता त्यांनी माउसवर हात ठेवला, उचलला, पाणी मागितलं. पाणी पिऊन म्हणाले, ताई, तुम्ही दाबता का? मी म्हटलं, यादी माझी आहे, मी दाबलं आणि गेली तर रागावू कोणावर? ते त्यांना पटलं. मग म्हणाले, एकदा पेटीत करून येतो. शेजारी गेले, करून आले, बसले, पुन्हा गेले. वाचकांनी पेपर खाली ठेवले. कोणी म्हणालं गुरुवारी करा, कोणी म्हणालं बटणाला नारळ दाखवा.

टेबलाच्या दुसऱ्या टोकाला अजीजभाई बसले होते. पोळ्यापासून ते आणि भाऊ एकमेकांशी बोलत नव्हते. रोज एकाच टेबलावर बसायचे. अजीजभाईंना भाऊंच्या हातातला पेपर हवा असला की ते मला सांगायचे, मी भाऊंना सांगायची, भाऊ तो माझ्याकडे द्यायचे आणि मी हातभर अंतरावर बसलेल्या अजीजभाईंना द्यायची. इतकी वर्षं मी हे टपालाचं काम केलं होतं.

अजीजभाईंनी पेपरची घडी घातली, खुर्ची ओढली आणि ते भाऊंच्या शेजारी येऊन बसले.

"शेठ, काय पाहून राह्यले इतक्या येळचं?"

भाऊ वळले नाहीत. "हे दाबलं की पुसते. मांगं येता येत नाई."

"मंग?"

"मंग काय. नाई उगवलं तं?"

भाऊंनी कोणता शब्द वापरला ते सगळ्यांना ऐकू गेलं होतं, बहुधा भाऊंना सोडून.

"नाई उगवलं तं नाई उगवलं," अजीजभाई म्हणाले. "मायं नाई उगवलं. म्या दुबार पेरलं. वावर तं तिथंच होतं ना, ते काय कुठं जाऊन राह्यलं." मग म्हणाले, "म्या तुमाले त्या दिशी एक गोष्ट इचारली होती. काऊन नाई पेरलं म्हून. तुमी जवाब नाई देल्ला अजून."

भाऊ पडद्याकडेच पाहत होते.

"भेव वाटलं होतं," ते म्हणाले. "नवं होतं. मले भेव वाटलं, आन् तुमाले म्या डोये मिटून पेरा म्हटलं."

"हां," अजीजभाई म्हणाले. "एवढंच ऐकाचं होतं. दाबा आता. मले पेपर वाचाचा हाये."

भाऊंनी बटण दाबलं.

पट्टी हळूहळू सरकत गेली. मध्ये अजीजभाईंनी स्वतः जाऊन चहा सांगितला आणि भाऊ पूर्ण कप एकदम प्यायले. सिस्टिम बसली. संगणक बंद करून पुन्हा सुरू केला, तो सुरू झाला, आणि इतक्या लवकर सुरू झाला की आम्हाला संशय आला. भाऊंनी पेनड्राइव्ह लावला आणि माझी यादी उघडली.

एक अक्षर वाचता येत नव्हतं. टोप्या, कंस, उलटे स्वल्पविराम, कुठं तरी मध्येच एखादा इंग्रजी बाराखडीतला पाहुणा. तीन ऋतू टाइप केलेली यादी वेड लागल्यासारखी दिसत होती. अजीजभाई चष्मा लावून पडद्याच्या अगदी जवळ गेले, उजवीकडून डावीकडे एक ओळ पाहून आले आणि म्हणाले, "उर्दू तं नाई बा."

मला हसू आलं. मग भाऊंना आलं, आणि बराच वेळ थांबलं नाही. ते डोळे पुसत होते आणि म्हणत होते की इतक्या वेळा करून पाहिलं, एकदाही असं झालं नाही. कसं होईल? यादी मी जुन्या मराठी फाँटमध्ये टाइप केली होती, तो मशीनमध्ये नसला की अक्षरांच्या जागी अशीच चिन्हं येतात. तो फाँट भाऊंनी अगदी पहिल्या दिवशी आपल्या पेटीत टाकला होता, आणि मग स्नॅपशॉट काढला होता. त्यानंतर यादी उघडायला दर वेळी ते त्याच स्नॅपशॉटवर परत येत होते, जिथं फाँट आधीपासून हजर होता. सगळ्या तालमी झाल्या होत्या, पण मधली एक पायरी तालमीतूनच गळून गेली होती. फाँट त्यांच्याकडे होताच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी तो आणून टाकला आणि माझी पुस्तकं एकेक करून शुद्धीवर आली.

त्यानंतर अजीजभाईंनी भाऊंचा क्लास लावला. इतका वाईट विद्यार्थी भाऊंना कधी मिळाला नव्हता. पेटीत काम करता करता त्यांनी बाहेरचं मशीन बंद पाडलं. हे होऊच शकत नाही, असं भाऊ मला तासभर समजावून सांगत होते आणि मशीन बंदच होतं. कसं केलं, असं भाऊंनी नेहमीप्रमाणे विचारलं. अजीजभाई म्हणाले, "मालूम असतं तं कायले केलं असतं?"

भाऊ बदलले असं मी म्हणणार नाही. चपला तशाच घालायचे. फक्त पुढच्या खरिपात अजीजभाई नवं बियाणं आणताना त्यांना मोटरसायकलवर मागे बसवून खामगावला घेऊन गेले, आणि त्यातलं एक पाकीट भाऊंनी पहिल्याच पावसावर आपल्या वावरात, काठावर नाही, मधोमध पेरलं. अजीजभाईंनी त्याच्याआधी आपलं पेरलं नाही. पीक कसं आलं ते मला आठवत नाही. बेताचंच आलं असावं, नाहीतर दोघांनी सांगितलं असतं.

गेल्या माघात भाऊ झोपेत गेले. मी पोचले तेव्हा अंगणात अजीजभाई खुर्च्या मांडत होते. काकू आत भिंतीला टेकून बसल्या होत्या. मी शेजारी बसले तेव्हा त्यांनी माझा हात धरला आणि शांतपणे म्हणाल्या, "एवढ्या-तेवढ्याची तालीम करायचे. याची काई केली नाई हो ताई."

हे लिहायलाच मला इतके महिने लागले आहेत.

शेजारी आता मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वाचनालयाचा संगणक भाऊंनी बसवलेल्या सिस्टिमवर चालतो. प्रिंटर त्या दिवसापासून चालत नाही. पुस्तकांची यादी जागेवर आहे, आणि नवीन पुस्तक आलं की मी त्यात भरते.